टपालातून पोटाचा इलाज: ‘डिस्पेप्सिया’ या शब्दाची पार्श्वभूमी

फोनवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून औषध घ्यावं का, हा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पूर्वी डॉक्टर पोट दाबून बघायचे, मग औषध द्यायचे.’ हे ‘पूर्वी’ फारसं जुनं नाही. अठराव्या शतकात, निदान ब्रिटन आणि युरोपात, बऱ्या परिस्थितीतल्या माणसाचं पोट महिनोन्‌महिने बिघडलं आणि गावच्या औषधवाल्याने हात टेकले, की तो दूरच्या शहरातल्या नावाजलेल्या डॉक्टरला पत्र लिहायचा. उत्तरात पथ्य आणि औषध यायचं. दोघांची गाठ पडलेली नसायची, पुढेही बहुधा पडायची नाही.

त्यात कुणाला गैर वाटत नसे, कारण समोरासमोर बसूनही डॉक्टर फार काही वेगळं करत नव्हता. नाडी, जीभ, लघवीचा रंग आणि मुख्य म्हणजे रोग्याने सांगितलेली हकीकत, एवढ्यावर निदान व्हायचं. शरीराला हात घालणं हे शल्यवैद्याचं, म्हणजे खालच्या पायरीवरचं काम. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत व्हिएन्नात 1761 मध्ये छापून आली, तिला कित्येक वर्षं कुणी विचारलं नाही. स्टेथोस्कोप आला 1816 मध्ये. त्यातून पोटाच्या तक्रारी तर पत्राला फारच सोयीच्या. तुटलेलं हाड पत्रात मावत नाही. ढेकर, जळजळ, बद्धकोष्ठ, मळमळ, फुगलेलं पोट यांचं वर्णन मात्र रोग्याइतकं कुणालाच जमत नाही.

या पत्रोपचाराचा सर्वात भरघोस पुरावा स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत आहे. तिथला प्राध्यापक विल्यम कलन (1710–1790) याने 1755 पासून मरेपर्यंत आलेली पत्रं सांभाळली आणि गेलेल्या उत्तरांच्या नकलाही ठेवल्या. हा साठा पाच हजार कागदांच्या वर आहे. सुरुवातीला नकला लेखनिक उतरवून घ्यायचे. 1781 मध्ये त्याने नकला काढण्याचं नवं यंत्र घेतलं. ते बनवणारा इंजिनिअर जेम्स वॉट त्याच्या ओळखीचा होता. आज आपण वॉटला वाफेच्या इंजिनासाठी ओळखतो. खास शाईत लिहिलेल्या पत्रावर पातळ ओलसर कागद दाबायचा, अक्षरं उलटी उमटायची आणि कागदाच्या पाठीमागून सुलटी वाचता यायची. डॉक्टरच्या टेबलावर ऑफिसचं यंत्र इतक्या लवकर आलं ते पत्रांच्या रगाड्यामुळे. मागच्या खेपेला या रोग्याला रेवाचिनी (पोट साफ करणारी मुळी) किती दिली होती, हे नक्कल नसेल तर आठवणार कसं?

व्यवहार साधारण असा चालायचा. कधी रोगी स्वतः लिही, कधी नातेवाईक, पुष्कळदा गावचा शल्यवैद्य. फी गिनीत मोजली जाई. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग, मजुराच्या आवाक्याबाहेरची रक्कम. टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याने भरायचा, तोही अंतर आणि कागदांची संख्या बघून. उत्तर इंग्रजीत असायचं, सोबतची औषधाची चिठ्ठी लॅटिनमध्ये. ती गावच्या औषधवाल्यासाठी.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका डॉक्टरने तर 1761 च्या आपल्या लोकप्रिय आरोग्य-पुस्तकात रोग्याने पत्रात कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत याची यादीच छापली. त्याच्याकडे आलेली हजारावर पत्रं आजही त्या शहरात आहेत.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता आहे तो ‘डिस्पेप्सिया’ या शब्दात, आणि कलनच्या एका निर्णयात.

शब्द ग्रीक. ‘पेप्सिस’ म्हणजे शिजणं, पचणं. आपल्या ‘पच्’ धातूचं आणि त्याचं मूळ एकच, म्हणून ‘अपचन’ हा प्रतिशब्द अगदी चपखल बसतो आणि नेमका तिथेच दगा देतो. अपचन म्हटलं की आपल्याला अन्न दिसतं: जड जेवण, तळकट, अवेळी खाणं. कलनने 1769 मध्ये रोगांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात चार मोठे वर्ग होते: ज्वर, मज्जारोग (म्हणजे मज्जातंतूंचे रोग), शरीर खंगवणारे रोग आणि स्थानिक रोग. डिस्पेप्सिया त्याने टाकला दुसऱ्या वर्गात. त्या वर्गाला त्याने नाव दिलं होतं ‘न्यूरोसिस’, आणि हा शब्द त्याचाच. भूक मंदावणं, मळमळ, उलटी, पोट फुगणं, ढेकर, जळजळ यांतल्या काही तक्रारी एकत्र, बहुधा जोडीला बद्धकोष्ठ, आणि जठरात किंवा इतरत्र दुसरा रोग नाही, ही त्याची व्याख्या. शेवटचा भाग नीट वाचावा. दुसरं काही नाही, म्हणून हे.

यावरून कलनला हिणवणारे पुष्कळ भेटतात. ‘पोटदुखीला मनाचा आजार म्हणाला’ असं सर्रास लिहिलं जातं. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या लेखी न्यूरोसिस म्हणजे मज्जाशक्तीचा बिघाड, शरीरातलाच. जठराचे तंतू ढिले पडतात, ताकद कमी होते, आणि जठराचा मेंदूशी लागेबांधा असल्याने बाकी शरीरही मलूल होतं. मनोविकार हा अर्थ त्या शब्दाला नंतरच्या शतकात चिकटला; 1980 मध्ये अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणाने तो गटच मोडीत काढला. शब्द तोच राहिला, आतला माल बदलला.

पण कलनला पूर्ण सोडूनही देता येत नाही. शेजारीच त्याने ‘हायपोकाँड्रिअ‍ॅसिस’ हा वेगळा रोग ठेवला. पोटाच्या तक्रारी बऱ्याचशा त्याच. फरक वयाचा आणि स्वभावाचा. तरुणाचं पोट बिघडलं तर डिस्पेप्सिया. उतारवयाकडे झुकलेल्या, उदास वृत्तीच्या, क्षुल्लक कारणाने आजाराची धास्ती घेणाऱ्याचं बिघडलं तर हायपोकाँड्रिअ‍ॅसिस. इलाज जवळपास उलटे. पहिल्याला सिंकोनाची साल, कडू औषधं, लोहकल्प, थंड पाण्याची आंघोळ, घोड्यावरून रपेट, आंबून वात करणाऱ्या भाज्यांपेक्षा मांस बरं, चहा-कॉफी वर्ज्य. दुसऱ्याला कोमट पाण्याची आंघोळ, प्रवास, मन दुसरीकडे वळवणं, आणि चहा-कॉफी चालेल, उलट बरी. त्याची थट्टा मात्र करायची नाही, ही सक्त सूचना. म्हणजे चहाचा कप मिळणार की नाही, हे ठरायचं धास्तीवर, आणि धास्ती मोजायची पत्राच्या सुरावरून! पाच पानं लिहिणारा रोगी कुठल्या खान्यात गेला असेल हे सांगायला नको. पत्रोपचाराचं खरं दुखणं मला इथे दिसतं. पोट न पाहता निदान झालं, हे त्यापुढे दुय्यम आहे.

रोग्याच्या समाधानासाठीच एखादं औषध लिहिल्याची कबुली त्याने 1772 च्या व्याख्यानांत दिली आहे, तीही ‘प्लासिबो’ हाच शब्द वापरून. मात्र असं औषधसुद्धा थोडंफार उपयोगी पडेल असंच निवडावं, हा त्याचा दंडक होता.

पुढच्या शतकात जठर प्रत्यक्ष दिसू लागलं. 1822 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी शिरली, जखम बरी झाली पण भोक उरलं. एका लष्करी डॉक्टरने त्यातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे सोडून पचन पाहिलं. 1824 मध्ये लंडनमध्ये जठररसातलं आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचं सिद्ध झालं. 1868 मध्ये जर्मनीत तलवार गिळणाऱ्या खेळाडूच्या घशातून नळी जठरापर्यंत गेली. अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 1980 च्या दशकात दाखवलं आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डिस्पेप्सियातून एकेक कारण असं सुटं होत गेलं.

तरी उरतंच. एंडोस्कोपी स्वच्छ, जिवाणू नाही, आणि जळजळ आहे. याला आज ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात, आणि 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्याचा वर्ग आहे ‘आतडे-मेंदू परस्परसंबंधाचे विकार’. यावरून ‘कलन बरोबर होता’ म्हणायचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. ढिल्या तंतूंचा त्याचा सिद्धांत कधीच गेला. टिकली ती ‘दुसरं काही नाही, म्हणून हे’ ही रिकामी जागा.

भारतात दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम 25 मार्च 2020 रोजी आले. व्हिडिओ, फोन आणि लेखी मजकूर, तिन्ही मार्ग त्यांनी मान्य केले आणि कोणती औषधं कोणत्या मार्गाने लिहिता येतील याच्या याद्या दिल्या. झोपेच्या आणि नशेच्या काही औषधांना पूर्ण मनाई आहे. कलनच्या चिठ्ठ्यांतली अफू आज या दारातून आत येणार नाही. याच नियमांत असंही म्हटलं आहे की शारीरिक तपासणी अत्यावश्यक वाटली, तर ती होईपर्यंत डॉक्टरने पुढे जाऊ नये. पोटाच्या बाबतीत ती वेळ नेमकी कधी आली, हे मात्र त्याने रोग्याच्या सांगण्यावरूनच ठरवायचं आहे.