देवीच्या लशीपासून रक्तदाबाच्या वहीपर्यंत: बेळगाव सीमाभागातल्या परिचर्या संशोधनाची पार्श्वभूमी

टिळकवाडीचं व्हॅक्सीन डेपो मैदान बेळगावकरांना सभांमुळे आणि सकाळच्या फेरफटक्यामुळे माहीत आहे. हे नाव तिथल्या लस संस्थेवरून पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या संस्थेत वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवत आणि ती मुंबई इलाख्यात पाठवत. पुढे देवी निर्मूलन मोहिमेसाठी गोठवून सुकवलेली लस देशात चार ठिकाणी तयार होऊ लागली. नैनितालजवळचं पटवाडांगर, हैदराबाद आणि मद्रासचं गिंडी यांबरोबर चौथं ठिकाण बेळगाव होतं.

जुनी पातळ लस उन्हात लवकर निकामी होई. टोचलेल्याची नोंद वहीत पडायची, पण दंडावर काहीच उठत नसे. सुकवलेली लस ३७ अंश सेल्सिअसला महिनाभर टिकू लागली आणि हा दोष बराचसा गेला. मग दुतोंडी सुई आली. तिच्या टोकांमध्ये लशीचा एक थेंब धरून एकाच जागी भराभर १५ टोचे द्यायचे. जुन्या पद्धतीत २५ जणांना पुरणारी कुपी या सुईने १०० जणांना पुरे. टोचे फार हलके पडले तर लस लागत नसे. म्हणून साधारण सातव्या दिवशी परत जाऊन फोड उठला की नाही हे बघायचं आणि नसेल तर पुन्हा टोचायचं असा नियम होता. मे १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. यात लशीइतकाच वाटा परत जाऊन बघण्याच्या नियमाचा होता, असं आमचं मत आहे. रोगप्रतिबंधावरच्या कुठल्याही परिचर्या (नर्सिंग) अभ्यासाचा कस इथेच लागतो: उपाय केल्यानंतर त्या घरी पुन्हा कोण गेलं आणि तिथे काय पाहिलं?

शिक्षित परिचारिका या भागाला प्रथम मिशनच्या इस्पितळांमुळे दिसल्या. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभं केलं. रेल्वेमुळे बेळगाव, चिकोडी, अथणीकडचे रुग्ण तिथे जात आणि आजही जातात. परिचारिकांची नोंदणी १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या परिषदेकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे १९६१ मध्ये तिथला वेगळा कायदा झाला. नोंदणी परिषद बदलली, तशी आरोग्य केंद्राच्या वहीची भाषाही कन्नड झाली. खानापूर, निपाणी आणि बेळगावच्या आसपासच्या असंख्य घरांमध्ये रुग्ण मात्र मराठीतच बोलत राहिला.

संशोधनात याचा थेट त्रास होतो. विद्यापीठाला सादर करायची प्रश्नावली इंग्रजीत लिहिली जाते, तिचं कन्नड होतं, आणि मराठी घरात गेल्यावर विचारणारी मुलगी जागेवरच मनाने भाषांतर करते. अशा वेळी दहा घरांत दहा वेगळे प्रश्न विचारले जातात. कन्नड आणि मराठी भाषांतरं आधीच लेखी तयार करायची, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ती पुन्हा इंग्रजीत आणून ताडून बघायची आणि दहापंधरा लोकांवर तपासून घ्यायची, याला पर्याय नाही. निपाणी भागात तंबाखूबद्दल विचारताना हे फार जाणवतं. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई सहज ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री, जर्दा, विडी, गुटखा, तपकीर यांबद्दल एकेक करून विचारलं, दिवसातून किती वेळा तेही विचारलं, तरच आकडा खरा येतो. विडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत धुळीत किती तास जातात हे वेगळं नोंदवावं लागतं. नाहीतर खोकला कशाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही.

क्षयरोगाने या कामाला वेगळं वळण दिलं. औषध घरी घेतलं तर चालेल की सॅनेटोरियमच (क्षयरुग्णांना ठेवून घेणारं इस्पितळ) हवं, हे पाहणारा अभ्यास १९५६ पासून मद्रासमध्ये झाला आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभराचे उपचार घरी नीट घेतले तर निकाल जवळपास तितकाच चांगला येतो आणि घरच्या माणसांना जास्तीचा धोका होत नाही, हे त्यात दिसलं. त्या निकालाच्या मुळाशी घरभेटी होत्या. न सांगता जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते बघायचं. १९५९ मध्येच बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि १९६२ मध्ये देशव्यापी कार्यक्रम आला. आजच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंची गोळ्यांची मोजणी तिथूनच आलेली आहे.

बेळगाव जिल्ह्याचं स्वतःचं मोठं काम पुढे झालं. इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. त्याच्या पुढाकाराने सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात ग्रामीण भागात १६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. प्रसूतीनंतर लगेच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल (गर्भाशय आवळून रक्तस्राव कमी करणारं औषध) किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी तोंडाने द्यायची. देणाऱ्या होत्या एएनएम, म्हणजे गावातल्या साहाय्यक परिचारिका. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. विषय संसर्गाचा नसला तरी हा अभ्यास इथे घ्यायलाच हवा. रक्त किती गेलं हे नजरेने सांगताना चांगल्या अनुभवी बाईचाही अंदाज कमीच येतो, कारण ते कपड्यात आणि जमिनीत मुरतं. इथे बाळंतिणीखाली निमुळतं, खुणा असलेलं प्लास्टिक पसरून रक्त मिलिलिटरमध्ये मोजलं. ५०० मिलिलिटरपासून अतिरक्तस्राव, ही रेघ सगळ्यांसाठी सारखीच. मोजमाप पक्कं असल्यामुळेच जगाने या निष्कर्षावर विश्वास ठेवला, आणि २०११ मध्ये हे औषध याच वापरासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आलं.

त्याच परंपरेतली पुढची चाचणी बाळंतिणीच्या जंतुसंसर्गाची. सात देशांतल्या २९,२७८ स्त्रियांना कळा सुरू झाल्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची २ ग्रॅमची एकच मात्रा किंवा निष्क्रिय गोळ्या दिल्या. भारतातली केंद्रं बेळगाव आणि नागपूर. सेप्सिस (जंतुसंसर्ग शरीरभर पसरून होणारा गंभीर आजार) किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ ऐवजी १.६ टक्के दिसलं. बाळाच्या बाबतीत फरक पडला नाही, हेही २०२३ च्या अहवालात स्पष्ट नोंदवलं आहे.

अशा कामांत परिचारिकांनी औषध दिलं, मोजमाप केलं, घरं गाठली. संशोधनाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा डॉक्टरांनी ठरवला.

परिचर्येचं स्वतःचं संशोधन बेळगावात केएलई संस्थेच्या परिचर्या महाविद्यालयामुळे (१९८७) आणि पुढे पदव्युत्तर प्रबंधांमुळे रुजलं. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९६ मध्ये स्थापन झाल्यावर राज्यभर अशा प्रबंधांचा एक साचा पक्का झाला: मधुमेह, डेंग्यू किंवा हात धुणं यांवर आखीव पाठ घ्यायचा, साठेक जणांची आधी आणि आठवड्याने पुन्हा चाचणी घ्यायची आणि गुण वाढले असं दाखवायचं. गुण वाढतातच. तुलनेसाठी दुसरा गट नसतो, तेच प्रश्न दुसऱ्यांदा समोर येतात आणि उत्तर नुकतंच शिकवलेलं असतं. पाय रोज तपासावेत हे मधुमेही माणसाला कळलं, यावरून तो पाय तपासतो असं ठरत नाही. तीन महिन्यांनी घरी जाऊन तळव्याच्या भेगा बघितल्या, गोळ्यांची पाकिटं मोजली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलं, तर तो अभ्यास उपयोगाचा. विद्यार्थिनींची मेहनत कमी पडत नाही. त्यांना दिलेली मुदत फार अपुरी असते, आणि ही अडचण मार्गदर्शकांनीच सोडवायला हवी.

आता भर दीर्घकालीन आजारांवर आहे. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी उपकेंद्रावर होते. २०१८ पासून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यातले बरेचसे परिचर्येचे पदवीधर. त्यांच्या वह्या संशोधनाची खाणच आहेत, पण नोंद शुद्ध हवी. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला आणि हाताला आधार द्यायचा, पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, मधे बोलायचं नाही, अर्ध्या तासात चहा किंवा विडी झालेली नसावी, आणि किमान दोन नोंदी घ्यायच्या. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. वहीतल्या बहुतेक नोंदी शून्यावर संपत असतील, १३०/८०, १४०/९० अशा, तर आकडे ढोबळ घेतले गेले असं समजावं. खऱ्या मोजमापात शून्यावर संपणाऱ्या नोंदी फार तर दहातल्या दोन असतात, कारण हाताने मोजताना सम आकडेच वाचले जातात. खानापूरच्या पावसात साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर त्या ओल धरतात आणि आकडा चुकतो.

सीमाभागातला एक दोष इतर ठिकाणच्या पद्धती जशाच्या तशा वापरल्या तर दिसतच नाही. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा गोव्याला. उपकेंद्राच्या वहीत तो ‘उपचार सोडलेला’ ठरतो, प्रत्यक्षात त्याच्या गोळ्या पलीकडून चालू असतात. क्षयरोगासाठी ‘निक्षय’ या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर दोन राज्यांत रुग्णाची बदली नोंदवता येते. रक्तदाबाच्या रुग्णासाठी मात्र घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट मागावं लागतं, त्यावरचं नाव आणि मात्रा उतरवून घ्यावी लागते आणि वहीत ‘अन्यत्र उपचार चालू’ असा वेगळा रकाना आखावा लागतो.