संत्र्याच्या सालीतून मायक्रोवेव्हने सॉल्व्हंट: पेटंटचा अर्ज अडतो तो इथे

संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन ग्रीस काढायला पेट्रोलियम सॉल्व्हंटऐवजी (विरघळवणाऱ्या द्रवाऐवजी) चालतं. मायक्रोवेव्हमध्ये सालीतलंच पाणी तापतं, तेलाच्या पेशी फुटतात आणि वाफेबरोबर तेल निघतं. पद्धत चांगली आहे, पण तिच्यावरचे अर्ज नेमके चुकीच्या जागी कच्चे असतात.

महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन जातात. फॉर्म १, २, ३ आणि ५ लागतात. फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग व शिक्षणसंस्थेला १,६०० रुपये, इतरांना ८,०००. संस्थांनी सवलतीसाठी फॉर्म २८ पुराव्यासह जोडावा.

खरी अडचण पेटंट कायद्याचं कलम ३(डी). ज्ञात प्रक्रियेचा किंवा यंत्राचा नुसता वापर शोध ठरत नाही. त्यातून नवं उत्पादन किंवा त्यात नवा अभिक्रियाकारक हवा. लिमोनीन जुनं, आणि प्रयोगशाळेत मायक्रोवेव्हने अभिक्रिया करणं १९८६ पासून छापून आलेलं. त्यामुळे ‘तासाचं काम दहा मिनिटांत’ एवढ्यावर भागत नाही. तुमचं वेगळेपण रिअ‍ॅक्टरच्या रचनेत असेल तर दावा रिअ‍ॅक्टरवर करा. प्रक्रियेवर असेल तर वारंवारता, शक्ती, सालीतला ओलावा आणि दाब लिहा, आणि त्याच तापमानाला साध्या उष्णतेने काय मिळालं तेही द्या. तापमान मोजलेलंच नसेल तर परीक्षक सरळ म्हणतो, जास्त तापलं म्हणून लवकर झालं. त्याचं चूक नाही.

दुसरा खोडा जैवविविधतेचा. साल भारतातली, म्हणजे फॉर्म १ मधली जैविक सामग्रीची घोषणा खोडू नका आणि साल कुठली ते स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या लेखी वर्णनात) लिहा. भारतीय अर्जदाराला पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ‘साल म्हणजे कचराच’ असं परस्पर ठरवू नका, प्राधिकरणाला विचारा. हे कोणत्याही खिडकीवर आपणहून सांगत नाहीत, आणि सगळं जमल्यावर फाईल इथेच थांबते.

कॉलेज अर्जदार असेल तर शोधक विद्यार्थ्यांची हक्क-हस्तांतरणाची सही अर्ज भरल्यापासून सहा महिन्यांत द्यावी लागते. मुलं पास होऊन पुण्या-बंगळुरूला जातात, मग सही मिळवताना जीव जातो. प्रकल्प चालू असतानाच घेऊन ठेवा.

तारखा नीट वाचा. प्रोव्हिजनल (प्राथमिक वर्णनासह केलेला पहिला अर्ज) भरल्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन हवं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८, आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ४८ नव्हे, ३१ महिने मिळतात, आणि ते प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजतात. परिसंवादात पोस्टर लावायचं असेल तर आधी प्रोव्हिजनल भरा; शोध आधी जाहीर करून नंतर अर्ज करणाऱ्याला मिळणारी सवलत फार तोकडी आहे.