ओआरएममधील सेशन व्यवस्थापन आणि कोडमधून केलेले कॉन्फिगरेशन

ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, या प्रकारच्या लायब्ररीत प्रोग्राममधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधल्या नोंदी यांची देवघेव ज्याच्यामार्फत चालते, त्याला सेशन म्हणतात. सेशन कधी उघडायचे, कोणी वापरायचे आणि कधी मिटायचे, हे वेगळ्या सेटिंग फाइलऐवजी प्रोग्रामच्या कोडमध्येच ठरवणे हा या नोंदीचा विषय. गेव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले जावाचे हायबरनेट, त्यावरून डॉटनेटसाठी घडलेले एनहायबरनेट आणि २००६ पासूनचे पायथनचे एसक्यूएलअल्केमी या तिन्हींत ही कल्पना जवळपास सारखीच आहे. वेबसाइटच्या लॉगिन सेशनशी तिचा संबंध नाही.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थानाच्या अग्रशाळेचे, म्हणजे भाविकांच्या निवासाचे, खोली-बुकिंग उदाहरणादाखल घेऊ. कारकुनाने खोली निवडली की सेशन ती नोंद वाचून तिचा ऑब्जेक्ट स्वतःजवळ ठेवते. त्याच सेशनमध्ये तीच खोली पुन्हा मागितली तर तोच ऑब्जेक्ट मिळतो. केलेले बदल ते लक्षात ठेवते आणि फ्लशच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल पाठवायच्या क्षणी, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत उतरवून डेटाबेसकडे पाठवते. खोलीशी जोडलेली बुकिंगची यादी मात्र प्रत्यक्ष मागितल्यावरच आणली जाते. तोवर सेशन बंद झाले असेल तर हायबरनेट लेझी इनिशियलायझेशनची चूक दाखवते. नवशिक्यांना सगळ्यात आधी भेटणारी चूक बहुधा हीच.

सेशन तयार करणारी फॅक्टरी जड असते. ती सुरुवातीला एकदाच बांधतात आणि सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, मिळून वापरतात. सेशन हलके असते, पण दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरण्याजोगे नसते. पूर्वी हायबरनेट आणि एनहायबरनेटमध्ये ही मांडणी प्रामुख्याने एक्सएमएल फाइलमध्ये असे आणि नावातली एका अक्षराची चूकही प्रोग्राम चालू केल्यावरच कळे. एनहायबरनेटच्या ३.० आवृत्तीत कॉन्फिगरेशन, तर ३.२ मध्ये मॅपिंगही (कोणता ऑब्जेक्ट कोणत्या तक्त्याशी जुळतो ते) कोडमधून लिहिण्याची सोय लायब्ररीतच आली, आणि अशा बऱ्याच चुका कंपायलरच पकडू लागला. एसक्यूएलअल्केमीत आधी इंजिन, म्हणजे डेटाबेसशी जोडणी सांभाळणारा भाग, तयार करून ते सेशनमेकरला, म्हणजे तिथल्या फॅक्टरीला, देतात. डेटाबेसचा पासवर्ड मात्र कोडमध्ये कधीच लिहू नये. तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या मूल्यातून, घ्यावा.

कॉन्फिगरेशनमधला खरा निर्णय सेशनच्या आयुष्याचा आहे. वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये रूढ आणि योग्य रीत म्हणजे एका रिक्वेस्टला एक सेशन: सुरुवातीला उघडायचे, काम नीट झाले तर कमिट (बदल कायम करणे), बिघडले तर रोलबॅक (बदल मागे घेणे), आणि काहीही झाले तरी शेवटी बंद. दिवसभर उघडे ठेवलेले सेशन मेमरी खात राहते आणि जुनीच माहिती दाखवत राहते. एनहायबरनेटमध्ये चालू सेशन कुठे ठेवायचे यासाठी वेब, थ्रेड-स्टॅटिक, असिंक-लोकल असे पर्याय आहेत. असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट पाहताना थ्रेड अडवून न ठेवणाऱ्या, कोडमध्ये थ्रेड-स्टॅटिक निवडू नये, कारण अवेटनंतरचे, म्हणजे वाट पाहून झाल्यावरचे, काम दुसऱ्याच थ्रेडवर सुरू होऊ शकते आणि तिथे ते सेशन सापडत नाही. एसक्यूएलअल्केमीत कमिटनंतर ऑब्जेक्टमधली माहिती शिळी धरली जाते आणि पुढच्या वापरावेळी नव्याने वाचली जाते. असिंक सेशनसाठी हे वर्तन बंद ठेवण्याची शिफारस आहे.

कनेक्शन पूलचा, म्हणजे डेटाबेसशी पुन्हा पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्याचा, हिशेब कागदावर मांडून पाहावा. एसक्यूएलअल्केमीच्या नेहमीच्या पूलमध्ये मूळ ५ आणि वरकड १० अशी एका प्रोसेसला (प्रोग्रामच्या एका चालू प्रतीला) कमाल १५ कनेक्शन मिळतात. चार प्रोसेस चालवल्या तर ६० होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० आहे, म्हणजे आठ प्रोसेस ठेवल्यास ती ओलांडली जाऊ शकते.

जत्रेच्या दिवसांत दोन खिडक्यांवरून एकाच रात्रीसाठी एकच खोली दिली जाणे, ही अशा प्रणालीतली सर्वांत महागडी चूक. तिच्यावर उपाय म्हणून खोलीच्या तक्त्यात आवृत्ती क्रमांकाचा स्तंभ ठेवतात. नोंद बदलताना मधल्या काळात क्रमांक वाढला असेल, तर लायब्ररी दुसऱ्या कारकुनाचा बदल नाकारते. परंतु बुकिंग वेगळ्या तक्त्यात नवी ओळ म्हणून जात असेल, तर खोलीची ओळ बदलतच नाही आणि हे संरक्षण मिळत नाही. मग बुकिंग करताना खोलीचा आवृत्ती क्रमांकही मुद्दाम वाढवावा लागतो. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच खोलीच्या तारखा एकमेकींवर येऊ न देणारे बंधन पोस्टग्रेसमध्येच घालणे. सेशन कितीही नीट बांधले तरी ते शेजारच्या खिडकीवरचे, अजून कमिट न झालेले काम पाहू शकत नाही. तो अधिकार डेटाबेसचाच.

गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्हींच्या नोंदी देवनागरीत होतात, म्हणून आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच तपासावी. एनहायबरनेटमध्ये साधा स्ट्रिंग प्रकार युनिकोड धरला जातो, पण अँसी-स्ट्रिंग हा मर्यादित अक्षरांचा प्रकार निवडला तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) नावांऐवजी प्रश्नचिन्हे साठू शकतात. ती नावे मग परत मिळवता येत नाहीत.

कॉन्फिगरेशन कोडमध्ये असल्यामुळे चाचणीसाठी दुसरी फॅक्टरी बांधणे सोपे जाते. मेमरीतल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर बहुतेक चाचण्या झटपट होतात. तारखांचे ते बंधन मात्र एसक्यूलाइटमध्ये नाही, म्हणून दोन खिडक्यांची चाचणी पोस्टग्रेसवर, दोन वेगळी सेशन उघडूनच घ्यावी लागते.