वाखानचा वटवट्या

वटवट्या नावाच्या पक्ष्यांच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. मातकट पाठ, फिकट पोट, भुवईच्या जागी पुसटशी रेघ. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. त्यातलाच मोठ्या चोचीचा एक वटवट्या अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यात सापडला, त्यामागे १४० वर्षांची गोष्ट आहे.

१८६७ च्या नोव्हेंबरात सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ, ॲलन ह्यूम यांनी तो पहिल्यांदा टिपला. हो, तेच ह्यूम. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेवढ्यापुरते ते आपल्याला शाळेत भेटतात. त्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांवर नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. सिमल्याच्या घरातली त्यांची पक्ष्यांवरची हस्तलिखितं नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकली, आणि त्यांचं पक्ष्यांवरून मनच उडालं, असं सांगतात.

सतलजचा तो एकुलता नमुना विलायतेत पडून राहिला. वेगळी जात की नेहमीच्याच वटवट्याचं विचित्र पिल्लू, हा वाद २००२ मध्ये डीएनए तपासणीने मिटला. जात वेगळीच होती. पण पक्षी कुठे होता? मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये, चक्क सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांपाशी, ओळखीसाठी पायात कडी चढवायला धरलेल्या पक्ष्यांत तो हाती लागला. त्यानंतर इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात, भलत्याच नावाखाली ठेवलेला, १८६९ सालचा आणखी एक भारतीय नमुना निघाला.

घरटी मात्र कुठे, ते कळेना. शोधणार तरी कसे? वाखान ही ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यं एकमेकांना भिडू नयेत म्हणून १८७३ आणि १८९५ च्या करारांनी आखलेली चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी २० किलोमीटरही रुंद नाही. १९७९ नंतर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा, मग यादवी, मग तालिबान. पक्षी बघायला कोण जाणार?

२००८ मध्ये पक्षी अभ्यासक रॉबर्ट टिमिन्स तिथे नदीकाठी पक्ष्यांची पाहणी करत होते. झुडपातून एक वेगळीच शीळ आली, त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली. पक्षी नेहमीच्या वटवट्यांपैकीच, असा त्यांचा समज. पुढे ट्रिंगचे नमुने पाहताना शंका आली, आणि स्वीडनचे पक्षीतज्ज्ञ लार्स स्वेन्सन यांनी ते गाणं निराळं असल्याचं ओळखलं. २००९ मध्ये अभ्यासक मंडळी जाळी घेऊन पुन्हा वाखानला गेली. तेच ध्वनिमुद्रण वाजवलं, तर चहूबाजूंनी वटवटे धावून आले! जवळजवळ २० पकडून, तपासून सोडले.

युद्धामुळे माणूस हटतो आणि रान वाचतं, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. याच अफगाणिस्तानात वायव्येच्या बदगीस प्रांताकडची पिस्त्याची रानं लढाईच्या वर्षांत तुटून गेली. वाखानला लढाईची झळ कमी लागली आणि वाटा अवघड, म्हणून तिथलं बरंच टिकलं. २०१४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. पण कडाक्याच्या थंडीत गावकऱ्यांना सरपण लागतंच, आणि नदीकाठची झुडपं हाताशी असतात. वटवट्याची घरटीही त्यांतच.

ह्यूम यांनी नोव्हेंबरात मारलेला तो पक्षी बहुधा अशाच कुठल्या तरी पहाडी खोऱ्यातून उतरून हिवाळ्यासाठी दक्षिणेला निघालेला वाटसरू असावा.