फोनमधले मेसेज आणि कर्जाचा निर्णय : पार्श्वभूमी

कर्ज मागणाऱ्याची पत त्याच्या फोनमधल्या मेसेजवरून ठरवायची पद्धत भारतात गेल्या दहा वर्षांत रुजली. त्याआधीची व्यवस्था साधी होती. २००० साली पहिली पतमाहिती कंपनी स्थापन झाली, २००५ मध्ये अशा कंपन्यांसाठी कायदा झाला आणि ३०० ते ९०० च्या पट्टीवरचा स्कोअर हळूहळू बँकेच्या काउंटरवर पोहोचला. त्या स्कोअरला मुख्यतः एकच गोष्ट कळते : आधीचे कर्ज कसे फेडले. ज्याने कधी कर्जच काढले नाही, किंवा ज्याचा सगळा व्यवहार गावच्या पतसंस्थेत झाला, तो तिथे दिसतच नाही. वर्षानुवर्षे पतसंस्थेचा हप्ता न चुकवणारा दुकानदारही या हिशेबात कोराच. कर्ज देणारी ॲप या रिकाम्या जागेत शिरली.

त्यांच्यासाठी दार आधीच उघडे होते. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ॲप बसवतानाच साऱ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक परवानगी वेगळी विचारली जाऊ लागली. कर्जाच्या ॲपमध्ये मात्र ‘नाही’ म्हटले की अर्ज तिथेच अडे, त्यामुळे गरजूला निवड उरत नव्हती.

मेसेज वाचायचे तंत्र फार गूढ नाही. व्यावसायिक मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या छोट्या नावाने येतो. त्या नावावरून बँक, वीज कंपनी, विमा, दुकान असे गठ्ठे होतात. मग ठरावीक साच्यांनी रक्कम, खात्याचे शेवटचे आकडे, जमा की नावे आणि उरलेली शिल्लक उचलली जाते. दर महिन्याच्या सुरुवातीला साधारण सारखी रक्कम जमा होत असेल तर तो पगार धरतात. शिल्लक कितीदा तळाला गेली, हप्ता कितीदा परत गेला, बिल वेळेवर भरले का, असे बरेच आकडे काढून ते मॉडेलला, म्हणजे आधीच्या कर्जदारांच्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकीय गणिताला, दिले जातात. मॉडेल परतफेड चुकण्याची शक्यता सांगते आणि त्यावरून रक्कम, मुदत आणि व्याज ठरते.

चुकाही याच साच्यांतून होतात. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकले की उत्पन्न फुगते. ‘तुम्हाला ५ लाखांचे कर्ज मंजूर’ ही जाहिरात ढिसाळ साचा जमा रक्कम म्हणून वाचतो. इंग्रजीवर बेतलेल्या साच्यातून मराठी किंवा हिंदी मेसेज निसटतो. नवरा-बायकोची खाती एकाच नंबरला जोडलेली असली की दोघांची कमाई एकाच्या नावावर चढते. २०२४ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेने यूपीआयवरून पाठवलेल्या ₹१०० पेक्षा कमी आणि आलेल्या ₹५०० पेक्षा कमी रकमांचे एसएमएस बंद केले. किरकोळ वसुलीवर चालणाऱ्या भाजीवाल्याची निम्मी उलाढाल अशाने मॉडेलच्या नजरेआड जाऊ शकते. अर्ज फेटाळला गेल्यावर त्याला यातले काहीच कळत नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर प्रकरण चिघळले. सात दिवसांचे ₹५,००० चे कर्ज, ‘प्रोसेसिंग फी’ कापून हातात ₹३,५००, आठवड्याने परतफेड पूर्ण ₹५,००० ची, अशा धाटणीचे हे धंदे होते. या उदाहरणात आठवड्याचा भार ४३ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे सरळव्याजानेही वर्षाला २,२०० टक्क्यांवर. हप्ता चुकला की फोनमधल्या संपर्क यादीतल्या सगळ्यांना फोन, शिवीगाळ, छेडछाड केलेले फोटो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १,१०० कर्ज ॲप सापडली, त्यांतली ६०० हून अधिक बेकायदा होती. जानेवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात तक्रार पोर्टलवर २,५६२ तक्रारी आल्या, सर्वाधिक महाराष्ट्रातून.

कर्ज ॲपने मेसेज वाचावेत की नाही, हा आजचा वाद ज्या निर्णयाभोवती फिरतो तो इथून निघाला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्ज ॲपना फोनमधल्या काही गोष्टी वर्ज्य केल्या : फाइल आणि मीडिया, संपर्क यादी, कॉल लॉग, टेलिफोनी सुविधा ‘इत्यादी’. कॅमेरा, माइक, लोकेशन ओळख पडताळणीपुरते, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. या यादीत एसएमएसचे नाव नाही. सगळी ओढाताण त्या ‘इत्यादी’वर आहे. एक बाजू म्हणते, यादी उदाहरणादाखल आहे, हेतू फोनमध्ये डोकावणे थांबवण्याचा आहे, म्हणून एसएमएसही वर्ज्यच. दुसरी बाजू त्याच सूचनांतल्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवते : माहिती गरजेपुरती आणि आधी संमती घेऊन गोळा करता येते, मात्र संमतीची नोंद राहिली पाहिजे. पत ठरवायला मेसेज लागतात, म्हणून ती ‘गरज’. गूगलच्या ॲप स्टोअरच्या धोरणानेही गुंता सुटला नाही. मे २०२३ च्या अखेरीपासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क यादी आणि फोटो बंद झाले. मेसेजचे धोरण मात्र वेगळे, २०१८ च्या अखेरचे, आणि त्यात मेसेजवरून खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपना सवलत आहे. एकाच ॲपमध्ये हिशेबही असेल आणि कर्जही, तर सवलत कोणाची?

खरे पाहता ही यादी वसुलीतल्या छळाला उत्तर म्हणून लिहिली गेली, विश्लेषणाला नव्हे. संपर्क यादीचा त्रास हप्ता चुकल्यावर होतो. मेसेज मात्र अर्ज करताक्षणी वाचले जातात, कर्ज मिळो न मिळो. त्यांत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तयार झाल्याची सूचना असते, रुग्णालयाची वेळ, विम्याचा हप्ता, वाहतुकीचे चलान, शाळेची थकलेली फी असते. कर्ज नाकारलेल्या माणसाचेही हे सगळे आधीच सर्व्हरवर गेलेले असते. ८ मे २०२५ ला रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे सगळे नियम एका निर्देशात गुंफले तेव्हा हे दुरुस्त करायची संधी होती. यादी जशीच्या तशी राहिली.

खासगीपणाचा कायदा या सगळ्याच्या मागून आला. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०१९ चे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादी मागितली आणि वापरणाऱ्याने हो म्हटले, तरी सेवेला यादी लागत नसल्याने त्या भागाची संमती गैरलागू. उदाहरण चांगले आहे, पण तिथेही पुन्हा संपर्क यादीच. शिवाय कर्ज थकवणाऱ्याची आर्थिक स्थिती तपासण्यासाठी केलेल्या प्रक्रियेला याच कायद्याने बऱ्याच तरतुदींतून सूट दिली आहे. निर्णयासाठी वापरायची माहिती अचूक असावी असे त्यात म्हटले आहे. पण यंत्राने नकार का दिला, हे विचारायचा हक्क दिलेला नाही.

मेसेजला पर्याय म्हणून सरकारी चौकटीत ‘अकाउंट ॲग्रिगेटर’, म्हणजे ग्राहकाच्या संमतीने त्याची बँकेतली माहिती पोहोचवणारी मधली संस्था, उभी आहे. नियम सप्टेंबर २०१६ चे, प्रत्यक्ष सुरुवात सप्टेंबर २०२१ मध्ये. इथे बँकेचे स्टेटमेंट कूटबद्ध होऊन थेट कर्ज देणाऱ्याकडे जाते, मधल्या संस्थेला ते वाचता येत नाही. संमतीच्या पडद्यावर कारण, कोणते खाते, कोणत्या तारखेपासून कुठवर, किती वेळा आणि किती दिवस ठेवणार, हे लिहिलेले असते. घाईत निसटतात ते शेवटचे दोन रकाने. अर्जाच्या छाननीला एकदाच घेतलेले स्टेटमेंट पुरते. तिथे ‘दर महिन्याला’ असेल तर ती कर्ज चालू असेतोवरची पाळत आहे आणि तिच्यासाठी वेगळे कारण लिहिलेले असायला हवे.

एसएमएसची परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावाखाली जाऊन बंद करता येते. त्याने पुढचे वाचन थांबते, आधी गेलेली प्रत तशीच राहते. ती पुसण्याची मागणी ॲपकडे वेगळी करावी लागते आणि तो हक्क २०२२ पासून आहे. मूळ मेसेज पुसले गेले तरी त्यांवरून काढलेली सरासरी शिल्लक, पगाराची तारीख आणि मॉडेलने दिलेला आकडा यांचे काय करायचे, याचा निर्देशांत वेगळा उल्लेख नाही.