रेडिएटरचा विजेवरचा पंखा आणि त्याचे वायरिंग

मोटारीच्या इंजिनातले गरम पाणी रेडिएटरमध्ये थंड होते. वेग चांगला असेल तर समोरून येणारा वारा त्याला पुरतो. गाडी रेंगाळली किंवा उभी राहिली, की वारा पंख्यानेच ओढावा लागतो. अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या जीपमध्ये हा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरत असे. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चे इंजिन आडवे होते. तिथे पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर आणणे शक्य नव्हते, म्हणून विजेचा पंखा आला. जुन्या गाडीला असा पंखा नंतर जोडताना किंवा जळालेले वायरिंग नव्याने ओढताना काय पाहावे, याची माहिती या नोंदीत आहे.

सोलापुरात या कामाला जास्त महत्त्व आहे, त्याचे कारण उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी 95 अंश आणि हवा 30 अंश असेल तर फरक 65 अंशांचा. हवा 43 अंशांवर गेली की तो 52 वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा असूनही सुमारे एक पंचमांश क्षमता गेली. एसी चालू असेल तर कंडेन्सरमधून (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आधीच तापलेली हवा रेडिएटरवर येते. सात रस्त्यावर दुपारी सिग्नलला थांबलेल्या किंवा संक्रांतीत गड्डा यात्रेच्या गर्दीत अडकलेल्या गाडीचा सारा भरवसा पंख्यावर असतो. म्हणून वायरिंगचा हिशेब उभ्या गाडीचा करावा: इंजिन आयडलवर, बॉनेटखाली भट्टी, हेडलाइट लागलेले.

पंखा बसवणे. रेडिएटरच्या इंजिनाकडच्या बाजूने हवा ओढणारा पंखा समोरून ढकलणाऱ्यापेक्षा चांगला, कारण तो वाहत्या वाऱ्याला आडवा येत नाही. मोटरच्या तारा उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो, पण पात्यांचा बाक तोच राहतो आणि हवा कमी मिळते. दिशा बदलायची असेल तर पातेही उलटून बसवावे. जोडणी झाल्यावर कागद जाळीला चिकटतो की उडून जातो, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. पंख्याभोवती कव्हर हवेच. ते नसेल तर हवा फक्त पात्यांसमोरच्या वर्तुळातून ओढली जाते आणि जाळीचे कोपरे रिकामे राहतात. जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधण्याची पद्धत सोपी असली तरी घातक आहे. हादऱ्याने पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि कालांतराने तिथूनच गळती सुरू होते. पत्र्याचे ब्रॅकेट करून पंखा रेडिएटरच्या चौकटीला धरावा.

रिलेची जोडणी. साधारण 12 इंची पंखा 80 ते 120 वॅटचा असतो आणि चालताना 7 ते 10 अँपिअर घेतो. सुरू होण्याच्या क्षणी तो याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. हा भार थर्मोस्विचवर (पाणी तापले की पंखा लावणारा स्विच) किंवा डॅशबोर्डच्या बटणावर थेट टाकू नये, मध्ये 40 अँपिअरचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच घ्यावा. रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीच्या पॉझिटिव्हची वायर फ्यूजमधून येते. 87 वरून वायर पंख्याकडे जाते. 86 ला इग्निशनचा पॉझिटिव्ह छोट्या फ्यूजमधून द्यावा. 85 थर्मोस्विचला जोडावी आणि थर्मोस्विचचे दुसरे टोक अर्थ करावे, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडावे. रिलेच्या कॉइलला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे थर्मोस्विच वर्षानुवर्षे टिकतो. 86 ला कायमचा पॉझिटिव्ह दिला तर किल्ली काढल्यावरही पंखा फिरू शकतो. इंजिन निवायला ते बरे, पण बॅटरी उतरते आणि बंद गाडीत हात घालणाऱ्याची बोटे सापडतात.

जुन्या कार्ब्युरेटर गाडीत पंख्याची मुख्य वायर इग्निशनच्या लाइनवर जोडली तर एक चमत्कारिक दोष दिसतो: किल्ली बंद करूनही इंजिन काही क्षण चालते. स्वतःच्या वेगाने फिरणारी पंख्याची मोटर डायनॅमोसारखी वीज तयार करते आणि ती वीज इग्निशन कॉइलपर्यंत पोहोचते. मुख्य वायर बॅटरीवरून घेतली की हा दोष राहत नाही.

एसी लावल्यावर पंखा लगेच चालायला हवा असेल तर दुसरा रिले घ्यावा. त्याची 86 पिन कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरला आणि 85 अर्थला जोडावी. 87 त्याच पंख्याला जाते. थर्मोस्विच अर्थ देतो आणि एसी पॉझिटिव्ह देतो, त्यामुळे दोन्ही एकाच कॉइलवर जोडण्याची खटपट करू नये.

वायर आणि फ्यूज. सर्वाधिक चुका इथेच होतात. तांब्याच्या 1 चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे 0.017 ओहम असतो. 3 मीटर वायरीतून 10 अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट तिथेच जातो. 2.5 चौरस मिलिमीटर वायरीत तीच घट 0.2 व्होल्ट होते. एका पंख्याला 2.5 ची वायर आणि 20 अँपिअरचा फ्यूज पुरतो. पंखे दोन असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज, वेगळा रिले आणि वेगळी वायर द्यावी. फ्यूज बॅटरीपासून वीतभरात असावा. पुढची वायर कुठेही घासून बॉडीला टेकली तरी आग लागायच्या आत तो उडायला हवा. वायर सैल पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळू नये. बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. वायरीच्या टोकाला लग (धातूचा कान) दाबून बसवावा आणि वर आकसणारी नळी चढवावी. पंख्याचा अर्थ रंग खरवडलेल्या लोखंडावर घ्यावा, शक्य असल्यास थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर.

डायनॅमोच्या जुन्या गाडीत आधी अल्टरनेटर बसवावा, मगच विजेचा पंखा. डायनॅमो आयडलवर जवळजवळ काहीच चार्ज देत नाही, आणि पंखा नेमका आयडलवरच लागतो.

थर्मोस्विच. वॉटर बॉडीतला थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) 82 अंशांना उघडू लागत असेल, तर पंखा 92-95 ला सुरू आणि 87 च्या आसपास बंद होणारा स्विच घ्यावा. बंद होण्याचे तापमान थर्मोस्टॅटच्या खाली असेल तर पंखा कधी थांबतच नाही. इंजिन थंड ठेवायचे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नाही. थंडीत इंजिन तापत नाही आणि तेल खराब होते.

पाणी बदलल्यावर पंखा लागत नसेल तर बहुधा हवा अडकलेली असते. थर्मोस्विच पाण्यात नसून हवेत असतो, काटा वर जातो आणि पंखा मात्र गप्प राहतो. गाडीचे नाक उंचावर ठेवून, हीटर उघडून हवा काढावी. जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचे पाणी जड आहे. ते टाकले की थर्मोस्विचच्या पितळी टोकावर पांढरा क्षार जमतो, उष्णता उशिरा पोहोचते आणि पंखाही उशिरा लागतो. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे.

तपासणी. थर्मोस्विचचा कनेक्टर काढून दोन्ही टोके जोडावीत. पंखा फिरला तर दोष स्विचमध्ये किंवा अडकलेल्या हवेत, नाही फिरला तर रिले, फ्यूज किंवा मोटरमध्ये. मोटरवर हलके ठोकल्यावर पंखा सुरू होत असेल तर ब्रश झिजलेत. फ्यूज उडालेला नसून त्याचे प्लॅस्टिक वितळलेले दिसले, तर करंट जास्त नसून पकड सैल आहे. मोठा फ्यूज टाकल्याने ती आणखी तापते. रात्री गाडी बंद असूनही पंखा चालत राहिला तर रिलेचे पॉइंट चिकटलेत. शेवटी पंखा चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे पंख्याच्या पॉझिटिव्हला लावावे. 0.3 व्होल्टच्या वर दिसले तर त्या वाटेतला प्रत्येक जोड उघडून पाहावा. निगेटिव्ह बाजूला 0.2 ही मर्यादा धरावी. ही चाचणी गाडी तापलेली असताना, भर दुपारी करावी. सकाळी गार वायरीत बरोबर दिसणारा जोड दुपारी व्होल्ट खातो.

ऊस गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर पाचटाचे तुकडे उडतात आणि जाळी व कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आतून मात्र ती भरलेली असते. वायरिंगला दोष देण्याआधी तिथे टॉर्चचा उजेड टाकून पाहावे आणि इंजिनाच्या बाजूने पुढे कमी दाबाचे पाणी मारून ती धुवावी. जास्त दाबाने जाळीचे पातळ पंख वाकतात आणि हवेची वाट कायमची बुजते.