आकाशाचा निळा रंग

दिवसा निरभ्र आकाश निळे दिसते, कारण हवेचे रेणू सूर्यप्रकाशातले कमी तरंगलांबीचे किरण जास्त तरंगलांबीच्या किरणांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात चहूकडे विखुरतात. या विखुरण्याला विकिरण किंवा प्रकीर्णन म्हणतात. सूर्याकडे पाठ करून वर पाहिले तरी डोळ्यांत उजेड येतो, तो याच वाटेने. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे भर दिवसाही आकाश काळे असते.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचा रेणू अर्धा नॅनोमीटरही भरत नाही. विखुरणारा कण तरंगलांबीपेक्षा इतका लहान असला, की विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. सूर्य डोक्यावर आणि हवा स्वच्छ असेल, तर जमिनीवर पोहोचेपर्यंत निळ्याचा साधारण २० टक्के भाग सरळ वाट सोडतो, तांबड्याचा जेमतेम ५ टक्के.

‘हवेतल्या धुळीमुळे आकाश निळे दिसते’ हे वाक्य अजूनही वर्गावर्गांत पाठ करून घेतले जाते. ते चुकीचे आहे आणि वेळीच पुसले पाहिजे. त्याचे मूळ मात्र आदरणीय आहे. १८६९ साली जॉन टिंडल यांनी काचेच्या नळीत वाफांपासून अतिसूक्ष्म कणांचा ढग तयार केला. त्यावर प्रकाशझोत सोडल्यावर तो बाजूने निळा दिसला, आणि आकाशातही असेच बारीक कण असावेत असे वाटू लागले. १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी चौथ्या घाताचा नियम मांडला आणि १८९९ मध्ये दाखवून दिले, की कण शोधायची गरजच नाही, हवेचे रेणू पुरेसे आहेत. धुळीचे आणि ढगातल्या थेंबांचे काम नेमके उलटे. ढगातला थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचा, म्हणजे तरंगलांबीच्या कित्येक पट मोठा असतो. असा थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो, म्हणून ढग पांढरा. भरड धूळही निळ्यात पांढरे मिसळून त्याचा कस घालवते. परतीचा पाऊस ओसरल्यावर आश्विनातले आकाश गर्द निळे आणि वैशाखातले पांढुरके दिसते, ते यामुळेच. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, हवेचा सहावा हिस्सा आणि बरीचशी धूळ पायाखाली राहते. तिथला निळा आणखी खोल असतो.

मग आकाश जांभळे का नाही? जांभळा तर निळ्याहूनही जास्त विखुरतो. पण सूर्यप्रकाशात जांभळा मुळातच कमी आणि डोळा त्याला कमी संवेदनशील. शिवाय आकाशातून एकच रंग येत नाही. जांभळा, निळा, हिरवा आणि थोडेथोडे इतर सगळे मिळून येतात, आणि डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींना हे मिश्रण पांढऱ्यात निळा कालवल्यासारखे जाणवते.

मावळतीला सूर्यकिरणांना माथ्यावरच्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच जवळजवळ संपतो, तांबडा बऱ्यापैकी टिकतो. सूर्य बुडाल्यावर माथ्यावर जो गडद निळा रंग येतो, त्याचे कारण निराळे आहे. निव्वळ विकिरणाने तेव्हा आकाश पिवळट व्हायला हवे. ते होत नाही, कारण वरच्या थरातला ओझोन नारिंगी भागातला प्रकाश शोषून घेतो. एडवर्ड हलबर्ट यांनी हे १९५३ मध्ये दाखवले.

समुद्राचे प्रतिबिंब पडून आकाश निळे होते ही समजूतही टिकत नाही, वाळवंटावरचे आकाशही निळेच असते. उलट समुद्राचा निळा म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे १९२१ च्या बोटप्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांना पटले नाही. ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश आरपार सोडणाऱ्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरचे प्रतिबिंब वगळून पाहिले, तरी पाणी निळेच दिसले. तिथून सुरू झालेले काम २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामापर्यंत, म्हणजे विखुरताना काही प्रकाशाची तरंगलांबी बदलते या शोधापर्यंत, गेले.

घरी पाहायचे तर उभट काचेच्या बरणीत १ लिटर पाणी घ्यावे, मागे काळा कागद लावावा आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्चचा झोत सोडावा. साय काढलेले दूध पाच-पाच थेंबांनी, फार तर पाव चमच्यापर्यंत घालावे. झोत बाजूने निळसर आणि समोरून पिवळट-नारिंगी दिसतो. सायीचे दूध नको. स्निग्धाचे गोळे मोठे असल्याने रंग पांढरा पडतो, निळेपणा येतो तो केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या बारीक कणांमुळे. दूध जास्त झाले तर प्रकाश पुन्हापुन्हा विखुरून सगळेच पांढरे होते. अशा वेळी अर्धे पाणी ओतून नवे भरावे. उदबत्तीच्या टोकाचा धूरही काळ्या पार्श्वभूमीवर निळसर आणि उजेडासमोर धरल्यास तपकिरी दिसतो.

विखुरलेला प्रकाश ध्रुवितही होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होतात; सर्वांत जास्त सूर्यापासून ९० अंशांवर. सूर्याकडे थेट न पाहता अंगठा त्याच्या दिशेने रोखावा, तर्जनी अंगठ्याशी काटकोनात धरावी आणि अंगठा न हलवता मनगट फिरवावे. तर्जनी आकाशात जो पट्टा आखते, तिकडे पोलरॉइड गॉगलची काच डोळ्यांसमोर हळूहळू फिरवत पाहावे. आकाश गर्द होऊन पुन्हा उजळले तर हवा स्वच्छ आहे. काच कितीही फिरवून फारसा फरक जाणवेना, तर हवेत धूळ, धूर किंवा धुके दाटले आहे असे समजावे.